नाईट वॉचमन

कसोटीच्या पहिल्या दिवसाची शेवटची चार षटकं उरली होती. विकेट पडली, आणि नावाजलेल्या फलंदाजाऐवजी मैदानात उतरला तो दहाव्या नंबरचा गोलंदाज. घरी टीव्हीसमोर बसलेल्या हेडक्लार्कचं पित्त खवळलं.

"बघ, बघ. समोर जुना वैरी, चेंडू जरा उसळायला लागले, तर साहेब आत लपले आणि या गरिबाला ढकललं पुढं. म्हणे नाईट वॉचमन. एरवी जाहिरातीत छाती काढून फिरतात. अरे, ज्याचा नंबर त्यानं जावं."

बायको भाजी निवडत ऐकत होती. तेवढ्यात बेल वाजली. हेडक्लार्कनं दाराच्या भोकातून पाहिलं. बाहेर मोठा भाऊ उभा होता. वडील दोन वर्षं त्याच्याकडेच होते. 'आता तू कधी नेतोस' हे विचारायलाच तो आला होता.

हेडक्लार्क पाऊल न वाजवता मागे फिरला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि आतल्या खोलीकडे सरकत कुजबुजला, "तू जा. सांग, घरात नाहीत."

बायकोनं मानही वर केली नाही.

"मागच्या दोन्ही वेळेला मीच गेले होते. आज ज्याचा नंबर त्यानं जावं."