शाबूत फायली

श्रीपादनं रॅमची पट्टी साफ करून पुन्हा बसवली आणि बंद पडलेला कम्प्युटर सुरू झाला. काळ्या पडद्यावर लिनक्सच्या ओळी सरसर धावल्या. सगळ्या फायली शाबूत होत्या.

त्यांत हेमांगीच्या पहिल्या, अपघातात गेलेल्या नवऱ्याचा आवाज होता. श्रीपादशी लग्न झाल्यावरही ती रोज तोच ऐकत बसायची आणि हा एकटा जेवायचा.

"होईल ना हो सुरू?" तिनं स्वयंपाकघरातून विचारलं.

त्यानं अख्खी डिस्क पुसून टाकली. मग म्हणाला, "डिस्कच गेली गं. काहीच वाचलं नाही."

ती धावत आली, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडली. लग्न झाल्यापासून प्रथमच ती आपणहून जवळ आली होती.

"तुम्ही तरी किती खटपट केलीत!"

श्रीपाद तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.