एकतर्फी सामना

पाकिस्तानची पाचवी विकेट पडली आणि दाऊदच्या सलूनमध्ये कोणी ओरडलंच नाही.

दाऊदची आरोळी घशापर्यंत आली होती, ती त्यानं गिळली. काकासाहेबांच्या गालावर वस्तरा तसाच थांबला. समोरच्या आरशात मागच्या भिंतीवरचा टीव्ही दिसत होता. बाकड्यावर रामकिसन जांभई देत होता. बन्सी मोबाईल चाळत होता. टीव्हीतल्या खेळाडूंनीही एकमेकांना जेमतेम टाळी दिली आणि पाणी प्यायला गेले.

"राम राहिला नाय या मॅचमध्ये," काकासाहेब फेसातून बोलले. "शारजाला खेळायचे तवा गुलमंडीवर टीव्हीच्या दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसायची. आता हे काय? त्यापेक्षा जत्रेतली कुस्ती बरी. पडणारा निदान लंगोट तरी कसून बांधतो."

"खरंय, काकासाहेब," दाऊद म्हणाला. क्रिकेटबद्दल इतकं मनापासून तो आयुष्यात बोलला नव्हता.

हा खेळ त्याला कधी आवडलाच नाही. त्याला कबुतरं आवडायची. पण उस्मानपुऱ्यात दुकान टाकलं, टीव्ही लावला, आणि भारत-पाकिस्तान मॅच हा त्याच्या धंद्याचाच भाग झाला. कैचीसारखीच तीही त्यानं शिकून घेतली. ओरडायचं ते बाकीच्यांच्या ओरडण्यात मिसळून. आधी ओरडलं तर नाटक वाटतं, उशिरा ओरडलं तर दुखल्यासारखं दिसतं. भारताची विकेट गेली की हळहळायचं, पण गिऱ्हाइकापेक्षा मोठ्यानं नाही. पाकिस्तानचा एखादा चांगला खेळलाच तर त्याचं कौतुक रामकिसननं करायचं. रामकिसनला ते परवडतं. लोक त्याला दिलदार म्हणतात.

एका मॅचला दाऊदला ताप होता. त्यानं शटर उघडलं नाही. ताप दुसऱ्या दिवशी उतरला, पण "त्या दिवशी घरी बसून कोणाकडून खेळलास, दाऊदभाई?" हे महिनाभर चाललं. हसत हसत, चहा पाजून चाललं. त्यानंतर मॅचच्या दिवशी त्याचं शटर कधी खाली आलं नाही. सख्ख्या भाच्याच्या लग्नात तो पोचला तेव्हा भांडी घासून झाली होती.

अलीकडं मात्र त्याच्या मनात एक गोड हिशेब जमत आला होता. मॅच दरवेळी एकतर्फी व्हायला लागली. फटाके थांबले. लोक मध्येच उठून भाजी आणायला जायला लागले. हे वैर असंच थकत गेलं तर एक दिवस अंथरुणातच जाईल, आणि आपली सुटका होईल. दाऊद मनातल्या मनात त्याच्या मरणाची दुआ मागत होता.

आज ती कबूल झाल्यासारखी दिसत होती, आणि नेमकी गरजेच्या दिवशी. पाच वाजता जालन्याहून त्याच्या मुलीला, सगीराला, बघायला पाहुणे येणार होते. मुलगा शिकलेला, घर चांगलं. आधीचं स्थळ उगाच फिसकटलं होतं, म्हणून बायकोनं, शमशादनं, सकाळीच बजावलं होतं, "आज टैम पे आव जी. लडकी का बाप घर में नै दिख्या तो लोगां उठ को चले जाते."

दाऊदनं काकासाहेबांच्या गालावर तुरटी फिरवली. सहावी विकेट पडली. बन्सीनं मान वर केली, आरशात दाऊदकडं बघितलं आणि परत मोबाईलमध्ये शिरला.

"भाऊ, बंद करू का आता?" दाऊद रामकिसनला म्हणाला. "सगीराला बघायला पाहुणे यायलेत. अन् मॅचमध्ये तरी काय राहिलंय? काकासाहेबच म्हणायलेत."

त्यानं रिमोट उचलला.

"जिंकलो! जिंकलो!" बन्सीनं मांडीवर थाप मारली. दुपारपासून दुकानात पहिल्यांदा कोणीतरी ओरडलं. "काकासाहेब, भजे सांगा! रामकिसनभाऊ हरले!"

"काय झालं?" दाऊदनं विचारलं.

रामकिसन ओशाळून हसला. तीस वर्षांपासूनचा दोस्त. सगीराला कॉलेजात प्रवेश मिळेना तेव्हा हाच माणूस चपला झिजवत फिरला होता.

"काय नाय रे, गंमत. मॅच बघतंय कोण आता? विकेट पडली की तुझं तोंड कसं होतंय, ते बघायलाच तर येतो आम्ही. त्यात लई मजा आहे. बन्सी म्हणला, पाकिस्तान हरायच्या आत दाऊदभाई काहीतरी निमित्त काढून शटर ओढणार. लावली पैज."

"अन् तुम्ही?"

"मी तुझ्या बाजूनं लावली ना! म्हणलं, आपला माणूस आहे. शेवटपर्यंत बसंल." रामकिसननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पण तू जा बाबा. पोरीचं काम आधी. भज्यांचं काय एवढं?"

कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. असतं तर दाऊद सरळ निघून गेला असता.

खिशातला मोबाईल वाजला. शमशाद. त्यानं फोन कानाला लावला. मागून अनोळखी माणसांचे आवाज येत होते, कपबश्या वाजत होत्या. पाहुणे आले होते. तिघंही आरशात बघत होते.

दाऊदनं रिमोटनं टीव्हीचा आवाज वाढवला.

"उनको चाय पिलाव," तो फोनवर म्हणाला, दुकानाबाहेरही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "मेरेकू निकलना नै होरा. मॅच भोत रंग में आई है."