तोंड न पाहता

न्याय करणाऱ्याने कुणाचं तोंड पाहू नये, असं थोर लोक सांगून गेले. येलदरी धरणाच्या पाण्याकाठी हे तत्त्व कसोशीनं पाळणारा सटवाजी एकटाच. कारण त्याला तोंडं ओळखूच येत नसत. परभणीच्या डॉक्टरांनी कागदावर ‘ऑटिझम’ लिहून दिलं होतं. गावानं त्याचं ‘जरा येगळा हाय’ असं भाषांतर केलं आणि विषय संपवला. आता त्याची पस्तिशी आली होती.

सकाळी पाण्यावर सटवाजीच्या घरचा आणि शेजारचा मेंढपाळ पंडित याचा कळप एकमेकांत मिसळला. निवडता निवडता एक गाभण मेंढी मधोमध उरली. सटवाजीचा थोरला भाऊ भागवत म्हणाला, माझी. पंडित म्हणाला, माझी.

“सटवाला इचारा,” पंडित म्हणाला, “पर दोघांनीबी तोंड उघडायचं न्हाई.”

भागवत खुशीनं तयार झाला. भाऊ घरचाच होता.

सटवाजी आला आणि उकिडवा बसला. उन्हानं पाणी पांढरं झालं होतं, पल्याडचा काठ हवेत तरंगत होता. मेंढरांचं ओरडणं लांब लांब गेलं. समोर उरला ओला गाळ आणि त्यावर शेकडो खुरांचे ठसे. दुसऱ्या कुणाला तो चिखल दिसला असता. त्याला त्यात एकेक मेंढी सावकाश चालताना दिसत होती. ही घाईची, ही दुखऱ्या पायाची, ही सारखी मागं वळून बघणारी.

तो किती वेळ बघत होता, कुणास ठाऊक.

“ही आमच्यात कवाच चालली न्हाई,” तो म्हणाला. टायरच्या चपला बघून त्यानं पंडितला ओळखलं आणि मेंढीचा कान त्याच्या हाती दिला. मग दुसऱ्या माणसाकडं वळला. अनवाणी पाय, नवी पांढरी टोपी, सपाट ओठ.

“पाव्हणं, तुमी कुणीकडचे?”

भागवतला राहवलं नाही. “आरं, सख्खा भाऊ हाय मी तुजा!”

आवाज ऐकून सटवाजीचा चेहरा उजळला. “मिशी कुठाय?”

“काल बापाच्या दहाव्याला उतरवली. तू वस्तऱ्याच्या खरखरीला भिऊन हितंच बसलास, तुला काय कळणार?”

पंडित हसला. “आता भाऊ वळखू आला न्हवं? मंग सांग सटवा, मेंढी कुणाची?”

सटवाजीनं भावाकडं पाहिलं. पुन्हा वाकून गाळ पाहिला, अगदी पहिल्यापासून.

“ह्यांचीच,” तो टायरच्या चपलांकडं बोट करून म्हणाला.

दिवस कलेपर्यंत भागवत भेटेल त्याला सांगत राहिला, “मेंढीचा खूर कळतो, अन रगताचं माणूस कळंना! काय करावं अशा भावाला?” ऐकणारे हळहळत होते.

मेंढी पंडितची आहे, हे भागवतला सकाळपासून माहीत होतं.