तिसरी गाठ

सतराचा पाढा अडला की गुरुजी ज्याचा कान पिरगाळायचे, तोच विद्यार्थी आता निवृत्त गुरुजींना समुद्रात बुडी मारायला शिकवत होता. सर्दी होती म्हणून चार दिवस त्यानं त्यांना पाण्याला शिवू दिलं नव्हतं. “कान दुखला की थांबायचं, गुरुजी. घाई नाही.” “मला शिकवतोस?” म्हणत गुरुजी पाठीवर हवेची टाकी घेऊन, गाठी मारलेला दोर धरून उतरले. तिसऱ्या गाठीपाशी कान असा ठणकला, की डोळ्यांसमोर काजवे चमकले. विद्यार्थ्यानं दंड धरून त्यांना एक गाठ वर नेलं. गुरुजींनी नाक दाबून हळूच फुंकलं. पुन्हा फुंकलं. तो शांत थांबून राहिला. सातव्या खेपेला कान पट्‌कन मोकळा झाला! एकेक गाठ मागे टाकत गुरुजींनी तळ गाठला. विद्यार्थ्यानं कमरेची पाटी काढून लिहिलं, ‘पास!’ गुरुजींनी पेन्सिल हिसकावून त्याखाली लिहिलं, ‘गुरुजी चांगले मिळाले.’