सभेचा उपास

१९९६ साली शेवंताबाई आमच्या गावची पहिली बाई सरपंच झाली आणि मी सदस्य म्हणून तिच्या शेजारी बसू लागले. पंचायतीत बायकांना लघवीला जायची सोय नव्हती. उपसरपंच रंगराव सभा मुद्दाम लांबवायचे, चहावर चहा मागवायचे. आम्ही घरी जाऊन येईपर्यंत त्यांना हवे ते ठराव मंजूर झालेले असायचे.

त्या दिवशी गावात दारूचं दुकान आणायचा ठराव होता. आम्ही दोघी मताला बसून राहिलो तरच तो पडणार होता. "सकाळपासून पाण्याला शिवू नको गं," तिने मला आदल्या दिवशीच बजावलं होतं.

"सरपंचबाई, चहा घ्या की," रंगराव म्हणाले.

"निर्जळी उपास आहे."

"मागच्या सभेलाही होता. तुमच्यात रोजच एकादशी का हो?"

सगळे हसले.

"तुम्ही सभा लांबवाल त्या दिवशी असते," शेवंताबाई म्हणाली.

दिवेलागण झाली तरी आम्ही उठलो नाही. शेवटी रंगरावच थकले. मतं घेतली आणि ठराव एका मताने पडला.

डॉक्टरांनी बजावूनही तिने पाच वर्षं अशीच काढली. मग मूत्रपिंडं निकामी होऊन ती गेली. रंगराव सरपंच झाले. त्यांनी पंचायतीमागे बायकांसाठी शौचालय बांधलं, त्याला शेवंताबाईचं नाव दिलं, नारळ फोडला आणि कुलूप लावलं. ते कुलूप अजून निघालेलं नाही.

मी अजून प्रत्येक सभेला जाते. सकाळपासून पाण्याला शिवत नाही.