मागची सीट

मागची सीट सव्वीस किलो भरली. गॅरेजच्या छताच्या पाइपाला मासळी तोलायचा काटा टांगलेला, काट्याच्या आकड्याला दोरीनं बांधलेली सीट, आणि खाली मान वर करून सुई वाचणारा भाग्येश. त्यानं आकडा मोबाइलमध्ये टिपला आणि उरलेला वडापाव तोंडात कोंबला.

"स्टेपनी चौदा, एसी अठरा, ही सव्वीस. दर्पणदादा, चौदा सेकंदांच्या आत जानार बघ गाडी."

दर्पणनं सुटे बोल्ट डब्यात टाकले. बोईसरच्या या गॅरेजात त्यानं बारा वर्षं कंपनीवाल्यांच्या गाड्यांची ऑइलं बदलली होती. त्यामुळे मुरबे गावच्या भाग्येशनं ही टर्बो गाडी आणून "चारशे मीटरच्या शर्यतीला तयार कर" म्हटलं, तेव्हा त्याला हुरूप आला होता. सायलेन्सर मोकळा केला, लॅपटॉप जोडून टर्बोचा दाब वाढवला, पुढचे टायर रुंद घातले. हौसेला मोल नसतं, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला होता.

मग आज सकाळी त्यानं मागची सीट उचकटली. खाली लिमलेटच्या गोळ्यांचे कागद होते, रक्ताचा डाग वाळलेला कापूस होता, ओकारीसाठी घडी करून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. ही सीट कोणाची, हे विचारायची गरजच उरली नाही. सोमवारी आणि गुरुवारी भाग्येशची आई नलूमावशी बोईसरला डायलिसिसला यायची आणि परत जाताना याच सीटवर आडवी होऊन जायची. गाडी घेतलीही तिनंच सुके बोंबील विकून जमवलेल्या पैशांवर.

"उद्या सोमवार हाय," दर्पण म्हणाला. "मावशी कशी येनार?"

"शेअर रिक्षानं."

"येताना ठीक. जाताना तिला बसवत नाय, तूच बोललेलास."

"आठ दिवसांचा तर प्रश्न हाय. रविवारी शर्यत झाली की लावू परत. तिला सवय हाय रे सोसायची."

तोंड पुसून भाग्येशनं हात त्याच सीटच्या कडेला पुसला. दर्पणला शिसारी आली. खायला काळ नि भुईला भार, ही म्हण त्यानं लहानपणापासून ऐकली होती. आज ती समोर उभी राहून वजनं टिपत होती. आणि आपण तरी कोण मोठे? बोल्ट आपणच काढले. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही, याचीही त्याला तेवढीच किळस वाटली.

दारात रिक्षा थांबली. नलूमावशी उतरली, दाराला धरून क्षणभर उभी राहिली. सुजलेल्या पावलांत चपला अर्ध्याच शिरल्या होत्या.

"काटा कुटं हाय माजा?" ती म्हणाली. "सांजच्याला बोटी लागतील. घरभर शोदला."

मग तिची नजर वर गेली. सीट तिनं ओळखली.

"काट्याला मासळीबिगर काय लावत नाय आपन. ठावं नाय तुला?"

"आई, दोन मिनटांचं काम होतं."

"दसऱ्याला पुजते मी त्याला. मासळीबिगर एकदाच लावलेला. तू जनमलास तवा. सुईन बोलली, पोर हलका हाय, जगनार नाय. तुज्या बापानं झोळीत घालून ह्याच काट्याला लावला तुला. दोन किलो भरलास."

भाग्येश हसला. "आता बघ किती भरतो."

दर्पणनं खाली बघत दोरी सोडली, सीट अंगणात नेऊन ठेवली आणि काटा उतरवून मावशीच्या हातात दिला. तिनं तो नळाखाली धरून आकडा अंगठ्यानं घासघासून धुतला.

"दर्पण," ती पाठमोरीच म्हणाली, "माजी सीट काडून ह्याचं किती वाचलं?"

खोटं बोलावं असं दर्पणला फार वाटलं. "पन्नास किलो उतरवलं तर सेकंदाचा दहावा भाग वाचतो, मावशी. हिचा त्याच्यापन निम्मा."

"म्हंजे किती?"

दर्पणनं डोळ्यांची उघडझाप करून दाखवली. "एवढापन नाय."

नलूमावशीनं नळ बंद केला. "आनि भाग्येश किती किलोचा?"

"ब्याण्णव," दर्पण म्हणाला.

"मंग?" ती म्हणाली.

भाग्येशनं मोबाइल खिशात घातला आणि उगाचच बॉनेट उघडून आत डोकं घातलं. परतीची रिक्षा अजून यायची होती. ऊन चढलं होतं. मावशीला भोवंड आली असावी, कारण तिनं काटा पोटाशी धरला आणि चाचपडत अंगणातल्या त्या सीटवरच बसली. पाठ टेकली, डोळे मिटले. इतक्या वर्षांची सवय, अंग आपोआप कुशीवर वळलं.

बॉनेटच्या वरून भाग्येशचं तोंड बाहेर आलं.

"आई, तिच्यावर नको. मळंल. मोबाइलवर विकायला टाकलीय, गिऱ्हाईक येतंय चार वाजता."

नलूमावशीनं डोळे उघडले. लेकाकडे बघितलं नाही. हात टेकत ती उठली, आणि जिथं बसली होती तेवढी जागा तिनं पदरानं पुसून दिली.