सुरीची मूठ

“आवळ. सुरी धरतूस तसं,” ज्ञानोबा सुतार म्हणाला.

अंकुशनं ओल्या मातीचा गोळा मुठीत आवळला. बोटांचे खळगे त्यात उमटले. त्याच मापानं मूठ घडवायची होती. पातं त्यानं सोबतच आणलं होतं. वीतभरही नसेल, पण टोकदार, आणि मागं मुठीत बसायला निमुळती शेपटी.

“हात रगतानं वला झाला तरी निसटाय नगं, अण्णा.”

ज्ञानोबानं मान वर केली. “आत किती जायला पायजे?”

“चार बोटं. हात म्होरं पात्यावर सरकू नये, असा उंचवटा ठिवा.”

“कुठं मारनार?”

अंकुशचा हात आपसूक स्वतःच्या डाव्या कुशीवर गेला, बरगडीच्या खाली.

“कशाला पायजे रं?”

“हाय काम. कुनाला बोलू नका.”

तो गेला आणि ज्ञानोबा मातीच्या गोळ्यावरचे बोटांचे खळगे बघत राहिला. मागच्याच बाजारी, चिटगुप्प्यात, रामराव मालकानं अंकुशला सायकलवरून ओढून भर चौकात मुस्काटात मारली होती. कारण काय, तर गाडीला वाट दिली नाही. अंकुशनं सायकल उचलली, धूळ झटकली आणि निघून गेला. तोंडातून शब्द नाही. शिव्या देणाऱ्याची ज्ञानोबाला कधी भीती वाटली नव्हती. हा गप राहिला होता.

नाही म्हणावं, तर तो दुसरा सुतार गाठणार. चावडीवर सांगावं, तर काही न करताच पोराच्या हातात बेड्या.

“रामरावाला माराय निघालाय त्यो,” जेवताना त्यानं बायकोला सांगितलं.

इंदिराबाई भाकरी थापत होती. सुगीला रामरावाच्या खळ्यावर जाणं तिनं कधीच सोडलं होतं; कंबर धरते म्हणे, पण दुसऱ्यांच्या खळ्यावर मात्र जाई.

“कवा न्यायलाय सुरी?” तिनं विचारलं.

“परवा.”

“मंग करून द्या,” ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

ज्ञानोबानं बाभळीचा जुना, वाळून दगड झालेला तुकडा काढला. वाकसानं तासला, कानशीनं घासला. बोटांचे खळगे मातीच्या गोळ्यासारखे हुबेहूब उतरवले. पुढं उंचवटा ठेवला. इतकी देखणी मूठ त्याच्या हातून क्वचितच झाली असेल. मग त्यानं शेपटीचं भोक मुद्दाम सैल पाडलं, आणि आडव्या भोकात लोखंडी खिळ्याऐवजी तुरीची काडी बसवली. वरून कळणार नाही. जोर लागला की काडी मोडेल, पातं मुठीत फिरेल आणि हातातून सुटेल. रामराव वाचेल, अंकुश फासावरून वाचेल.

सांधे लाखेनं भरायचं काम नेहमी इंदिराबाईचं. त्यानं सुरी तिच्या पुढ्यात ठेवली आणि बाहेर गेला.

अंकुश सुरी घेऊन गेला तेव्हा ज्ञानोबानं त्याच्याकडं बघितलं नाही. त्यानंतर रामरावाची गाडी दारावरून गेली की तो हातातलं काम थांबवी आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत कान देई.

आठवडा गेला असेल. सकाळी ज्ञानोबाची म्हैस दावं तोडून शेजारच्या हिरव्या हरभऱ्यात शिरली. सापडली तेव्हा तिचं पोट डाव्या अंगाला ढोलासारखं फुगलं होतं. अंगणात आणेपर्यंत ती खाली बसली, जीभ बाहेर आली. गावातल्यांनी तेल पाजलं, पोट चोळलं. काही उपयोग होईना. ज्ञानोबा तिचं तोंड धरून बसला.

गर्दीतून अंकुश पुढं आला. कमरेची सुरी काढून तो म्हशीच्या डाव्या कुशीशी गुडघ्यावर बसला आणि बरगडीच्या मागं बोटांनी जागा चाचपू लागला.

ज्ञानोबाला सगळं एकदम उमगलं.

“थांब,” त्यानं अंकुशचं मनगट धरलं. “त्या मुठीत...”

“सोडा अण्णा. येळ न्हाई.”

अंकुशनं हात हिसडला आणि सुरी मारली.

ज्ञानोबानं डोळे मिटून घेतले. काडी मोडल्याचा आवाज आला नाही. आला तो फुत्कार, लांब, घाणेरड्या वासाचा. डोळे उघडले तर पातं चार बोटं आत होतं आणि अंकुश ते जपून आडवं करून वारा बाहेर सोडत होता. मूठ तसूभर हलली नव्हती. हळूहळू पोट उतरलं. म्हशीनं मान उचलली.

“चिटगुप्प्याच्या ढोरांच्या दवाखान्यात झाडाय जातो न्हवं मी,” हात धूत अंकुश सांगू लागला. “डाक्टर करताना बघून शिकलो. धम्म घेतला तवा बापानं मेली ढोरं ओढायचं सोडलं. आता पोरगं सुरी घिऊन ढोरामागं हिंडायलाय, असं लोकं म्हनले असते. म्हनून बोललो न्हाई.” त्यानं मुठीवरून अंगठा फिरवला. “झ्याक झाली, अण्णा.”

अंकुश गेला, माणसं पांगली. इंदिराबाई म्हशीच्या जखमेला हळद लावत होती. ज्ञानोबा तिच्याजवळ उकिडवा बसला.

“म्या त्यात काडी घातली व्हती,” तो हळूच म्हणाला.

“ठावं हाय. लाख भरताना दिसली.”

“मंग?”

“काढली. पाचर ठोकली, लोखंडी खिळा मारला.”

ज्ञानोबाचा जीव भांड्यात पडला. “म्हंजी तुला ठावं व्हतं, त्यो ढोरासाठी न्यायलाय म्हनून.”

“न्हाई,” जखमेवरचा हात न उचलता इंदिराबाई म्हणाली. “तुमी सांगितलं तेच खरं वाटलं व्हतं. रामरावाच्या पोटात गेल्यावर मोडू नये, म्हनून मारला.”